पहिली बैठक ओळखीची

माझ्या मामेसासऱ्यांइतक्या लोकांना ओळखणारा, आणि त्या ओळखींचा स्वतःसाठी काडीइतकाही उपयोग न करून घेणारा माणूस वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत दुसरा झाला नाही. कलेक्टरपासून कंपाउंडरपर्यंत सगळे त्यांना ओळखत, आणि तरीही त्यांच्या घरचा बंद पडलेला टेलिफोन दुरुस्त व्हायला इतरांच्या टेलिफोनइतकाच वेळ लागे. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या ओळखीने एक वायरमन येत नाही. साहेब मात्र म्हणाल तितके." मामांचं यावरचं उत्तर ठरलेलं होतं. "ओळख घरासाठी वापरली की नासते," असं म्हणून ते शेजाऱ्यांकडे फोन करायला जात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते नुसते 'मामा' होते आणि मी त्यांचा 'जावईबापू'. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी हसू येतं, आणि मग ते हसू मध्येच थांबतं. का थांबतं, ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

मामा पाण्याचे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर पाणी तपासलं आणि त्यावर अहवाल लिहिले. ते अहवाल कोणी वाचत नाही अशी त्यांना शंका होती. तिची खातरजमा त्यांनी शास्त्रीय पद्धतीनेच केली. एका अहवालाच्या मधल्या पानावर त्यांनी मामींची आंबेडाळीची कृती टाइप करून घातली आणि तो वर पाठवला. यथावकाश तो 'पाहिला, योग्य' असा शेरा घेऊन परत आला. मामींना याचा राग वेगळ्याच कारणाने आला. "कृती तरी धड लिहायची. मीठ घालायचं लिहिलंच नाही यांनी, आणि म्हणे योग्य!" पण मामांच्या आयुष्याला त्या शेऱ्याने वळण लागलं. त्यांचा सिद्धान्त असा झाला की शास्त्रज्ञाचं काम शोध लागल्यावर संपत नाही, तिथे ते जेमतेम सुरू होतं. जो सही करतो त्याच्यापर्यंत शास्त्रज्ञाने स्वतःच्या पायांनी जायचं, त्याला समजेल असं बोलायचं, आणि त्याआधी त्याची ओळख काढायची. "शोध एकदा लागतो, जावईबापू. ओळख रोज लावावी लागते."

मला ते पहिल्यांदा भेटले तेच मुळी माझ्या लग्नात, बोहल्यावर. मुलीचा मामा म्हणून ते बायकोच्या मागे उभे होते आणि मी अंतरपाटाच्या अलीकडे. मंगलाष्टकं सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला अंतरपाटाच्या वरून एक चष्मा वर आला, आणि अक्षतांच्या माऱ्यात मला विचारलं गेलं, "आपण भूगर्भशास्त्र शिकवता ना? भूजल खात्यात कोणाची ओळख आहे का?" मी मान हलवून नाही म्हटलं. गुरुजींना वाटलं मी लग्नालाच नाही म्हणतोय, आणि ते कडवं मध्येच थांबलं. "चालू द्या, चालू द्या," मामा म्हणाले, "ओळख नाही म्हणतायत. काढू." मग हार घालून होतात न होतात तोच त्यांनी मला ओढत जेवणाच्या रांगेत नेलं आणि माझ्याच एका दूरच्या काकांशी माझी ओळख करून दिली. ते काका कृषी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला माझे काका ठाऊक होते, त्यांचं खातं मामांना.

निवृत्त झाल्यावर मामांनी वसई रोडला फ्लॅट घेतला आणि रविवारचा वर्ग सुरू केला. त्या काळात मुंबईच्या प्रयोगशाळांत आणि कॉलेजांत काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी परवडतं म्हणून वसई-नालासोपाऱ्याकडे राहायला येत होती. मामांनी ती एकेक करून हेरली. कोणी डासांवर काम करणारा, कोणी भातावरच्या किडीवर, कोणी हवेतल्या धुळीवर. दर रविवारी सकाळी ही मंडळी मामांच्या हॉलमध्ये जमत आणि उभी राहत. हॉलमधल्या खुर्च्या मामांनी गॅलरीत टाकल्या होत्या, कारण त्यांच्या मते बसून घेतलेला चहा वाया जातो. बसलेला माणूस शेजाऱ्याशीच बोलत राहतो, उभा माणूस कप घेऊन फिरतो आणि ओळखी करतो. दिल्लीत आणि मुंबईत देशाचे निर्णय असे उभ्याने होतात, हे ते इतक्या खात्रीने सांगत की आम्हाला आमच्या गुडघ्यांच्या कळाही राष्ट्रीय वाटत. मामी या वर्गाला 'उभ्यांची भिशी' म्हणत. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई साखर मागायला आल्या आणि एवढी माणसं गप्प उभी पाहून हलक्या आवाजात विचारून गेल्या, "कधी गेले हो?"

वर्गातला मुख्य खेळ म्हणजे साहेबाची भेट. साहेब अर्थात मामा. एकच खुर्ची गॅलरीतून आत यायची, तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल पडायचा, पुढ्यात घंटी, आणि मामा मान खाली घालून वर्तमानपत्राच्या समासात भराभर सह्या करीत सुटायचे. एकेकाने आत यायचं आणि साहेबांनी मान वर करण्याच्या आत आपलं संशोधन सांगायचं. डासवाला मुलगा पहिल्याच वेळी आत आला आणि म्हणाला, "सर, आपल्या भागातल्या साचलेल्या पाण्यातल्या अळ्यांचा मी गेली काही वर्षं..."

"मी कशावर सही करू?" मामा.

"नाही सर, सही नको. मी फक्त माहिती..."

मामांनी घंटी वाजवली. मामी पदराला हात पुसत आतून आल्या. "काय?"

"यांना बाहेर बसवा."

"कुठे बसवू? खुर्च्या तुम्हीच गॅलरीत टाकल्यात. पाऊस येतोय तिथे."

सगळे हसले. मामाही हसले, पण मग टॉवेल बाजूला करून त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, साहेबाला ज्ञान नको असतं. त्याला कागद कोणता आणि सही कुठे ते हवं असतं. आपलं ज्ञान त्या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत बसवायचं." त्या खेळात पहिल्याच फटक्यात पास झाली ती एकटी वैशाली. ती खाडीतल्या तिवरांवर, म्हणजे खारफुटीवर, काम करायची, अंगाने एवढीशी, आवाज मात्र खणखणीत. आत आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "साहेब, खाजणातली तिवरं तोडलीत तर मोठ्या भरतीला तुमच्या नव्या रस्त्यावर पाणी चढेल. न तोडण्याचा कागद हा, सही इथे." मामा साहेब असल्याचं विसरून खुर्चीतून उठले. "ही पोरगी दिल्लीला जाणार!" आणि ती खरोखर गेली.

मामांचे नियम पुष्कळ होते. लग्नात आहेर देण्याआधी व्हिजिटिंग कार्ड द्यावं. अंत्ययात्रेत कार्ड देऊ नये, पण घ्यायला हरकत नाही. अधिकारी रजेवर असताना त्याच्याकडे काम काढू नये, पण पाणी मात्र दाखवावं. या शेवटच्या नियमापायी ते सुट्टीच्या दिवशी राजोडीच्या किनाऱ्यावर जात, कारण मुंबईचे साहेब तिथे सहकुटुंब येत. मीही एकदा बरोबर होतो. एक गृहस्थ बर्म्युडा घालून मुलासाठी वाळूत खड्डा खणत होते. मामांनी त्यांना लांबूनच ओळखलं. "जलसंधारणातले. अर्ध्या चड्डीतला अधिकारी निम्मं तरी ऐकतो, जावईबापू, फुल पँटमधला काहीच नाही." आणि ते सरळ जाऊन त्या खड्ड्याशी उकिडवे बसले. किनाऱ्यावर जरा वरच्या अंगाला खणलं की आधी गोडसर पाणी झिरपतं. मामांनी त्या साहेबांना ते ओंजळीतून हळूहळू काढून चाखायला लावलं. मग प्लॅस्टिकच्या बादलीने भसाभसा उपसायला लावलं आणि पुन्हा चाखायला लावलं. साहेब थुंकले. "खारट!" "एवढंच आहे हो साहेब," मामा म्हणाले, "आपल्या सबंध किनारपट्टीचं. वर गोड पाण्याचा पातळ थर आणि खाली समुद्र. हळू काढलंत तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. खोल जाऊन जोराने ओढलंत तर खालचं वर येतं, आणि एकदा आलं की ते परत जायला आपली नातवंडंही पुरत नाहीत." खड्डा मोडला म्हणून साहेबांचा मुलगा भोकाड पसरून रडत होता. साहेबांनी मात्र कार्ड दिलं.

मामांना आयुष्यात हवं होतं ते एवढंच, की ही ओंजळीची गोष्ट जिथे सह्या होतात त्या टेबलावर कोणीतरी सांगावी. स्वतःच सांगावी असा त्यांचा आग्रह नव्हता. उमेळ्याला हरीभाऊ म्हणून एकांची वाडी होती, केळी आणि पानवेली. मामा दर महिन्याला बाटली घेऊन त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला नेत, आणि हरीभाऊ दर महिन्याला तेच विचारत, "काय मामा, गोड हाय ना अजून?" मामा म्हणत, "आहे." "मंग वाडी पन हाय," असं म्हणून हरीभाऊ त्यांच्या पिशवीत केळ्यांची फणी टाकत. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून इमारतींना गेल्या होत्या. हरीभाऊंनी विकायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते ठरवणं त्या पाण्यावर उभं होतं, हे त्यांना आणि मामांना दोघांनाही कळत होतं.

मग ती समिती आली. नव्या इमारतींना पाणी पुरत नव्हतं. किनाऱ्यालगतच्या गावांत खोल बोअर मारून ते पाणी टँकरने इमारतींना द्यावं, तात्पुरतं, असा एक प्रस्ताव होता, आणि त्यावर सल्ला देणाऱ्या समितीत एक जागा विषयतज्ज्ञाची होती. मामांनी त्या जागेसाठी आपल्या साऱ्या ओळखी पहिल्यांदा आणि शेवटचं वापरल्या. निवृत्त माणूस चालत नव्हता, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. मी म्हटलं, "मामा, मला बोलता येत नाही." ते आनंदाने म्हणाले, "म्हणूनच! पहिल्या बैठकीत बोलायचंच नसतं."

हा त्यांचा सर्वांत मोठा नियम. पहिली बैठक ओळखीची, दुसरी माहितीची, तिसरी मताची. तरुणपणी एका समितीत ते पहिल्याच दिवशी तावातावाने बोलले होते, 'आगाऊ' ठरले होते आणि त्यांना पुन्हा बोलावणं आलं नव्हतं. त्या जखमेतून तो नियम निघाला होता. वर्गातल्या इतरांना तो पाळणं जड जाई. मला तो आपल्याच मापाचा शिवल्यासारखा वाटला. मी जन्माचा घुम्या. कॉलेजात प्राचार्य काही विचारतील म्हणून स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसणारा. माझ्या भित्रेपणाला मामांनी शास्त्राचं नाव दिलं होतं, आणि मी ते खुशाल लावून फिरत होतो.

तेव्हा वसईचा जिल्हा ठाणेच होता. बैठक ठाण्याला होती. कोणत्या कचेरीत, कोणाच्या अध्यक्षतेखाली, ते सांगून काही साधणार नाही. कारण चूक त्यांची होती असं मी म्हटलं तर तो आणखी एक खोटेपणा होईल. लांब टेबल, वेफर्सच्या बशा, आणि माझ्या नावाची पुठ्ठ्याची पाटी. मी नियमाप्रमाणे सगळ्यांशी कार्डं बदलली. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्यासारखे समंजस तज्ज्ञ मिळत नाहीत हो. पुढे आणखी समित्या होणार आहेत, तुमचं नाव ठेवतो लक्षात." ते मला सुखावून गेलं. त्यात, आमच्या सोसायटीतही पाण्याचा टँकरच येत होता. प्रस्ताव बारगळला तर घरी बायको काय म्हणेल, हेही मनात येऊन गेलं. मग अध्यक्ष म्हणाले, "हा विषय मला लांबवायचा नाही. पुन्हा बैठक घेणार नाही. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा." हे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटलं आणि मी ते स्पष्ट ऐकलं. त्यांनी सगळ्यांकडे पाहत पाहत शेवटी माझ्याकडे पाहिलं. "तज्ज्ञांचं काय?"

राजोडीचा तो खड्डा मला त्या क्षणी दिसला. दोन वाक्यांची गोष्ट होती.

"सध्या मी ऐकतोय, साहेब," मी म्हणालो.

"लिहा," अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले, "तज्ज्ञांची हरकत नाही." आणि चहा आला.

मी वसईला परतलो तेव्हा मामांनी वर्ग मुद्दाम भरवला होता. सगळे उभे. मी दारात पाऊल टाकताच मामा म्हणाले, "किती कार्डं?" मी खिशातली कार्डं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पत्त्यांसारखी पसरून पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. "आणि बोलला नाहीत ना?"

"नाही."

"शाब्बास! बघा रे, याला म्हणतात संयम." त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मामींनी शिरा केला होता. मी तो खाल्ला.

पुढचे काही रविवार मामांनी माझ्याकडून दुसऱ्या बैठकीतलं भाषण बसवून घेतलं. मी ते म्हणत होतो. चांगलं म्हणत होतो, हेच त्यातलं वाईट. जे टेबल पुन्हा मांडलं जाणार नव्हतं त्याच्यासमोर मी सुरेख बोलायला शिकत होतो. एकदा माझं बोलणं संपल्यावर मामा टॉवेलच्या खुर्चीतूनच म्हणाले, "हे तिथे असंच बोललात ना जावईबापू, तर मी मोकळा झालो." मी मनाशी म्हणत होतो, कदाचित घेतील दुसरी बैठक. कोणी सांगावं. साहेब लोकांची मतं बदलतात. आपल्याला सोयीची आशा माणूस किती निगुतीने जपतो, ते मला तेव्हा कळलं.

बातमी मामांना त्यांच्याच ओळखीतून कळली. कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत ओळख झालेल्या एका अभियंत्याने फोन करून त्यांचं अभिनंदन केलं. "तुमच्या जावयांचं फार सहकार्य झालं हो. हरकत नाही म्हणाले. कामाला लागलेसुद्धा ठेकेदार." मामा तसेच चप्पल घालून माझ्याकडे आले. आमच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"पहिल्याच बैठकीत संपवलं त्यांनी?"

"हो."

"आधी सांगितलं होतं? की ही शेवटची म्हणून?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता. एखादा आकडा जुळत नसला की ते बाटलीकडे बघत, तसं बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "काहीच सांगितलं नाही."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे नियमच चुकला," ते म्हणाले. "तुमचा काय दोष."

बोलायला हवं होतं तिथे मी गप्प राहिलो, ते एक. भित्रा माणूस गप्प राहतो, त्याला क्षमा असेलही. पण जिथे गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, तिथे मी बोललो.

वर्षादीड वर्षात उमेळ्याचं पाणी बदललं. मामा मला घेऊन हरीभाऊंकडे गेले. केळीच्या पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या आणि पानवेलींच्या जागी नुसत्या काठ्या उभ्या होत्या. हरीभाऊंनी तांब्या पुढे केला. मामांनी एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरून उभे राहिले, थुंकायचं कुठे ते न कळल्यासारखे. मग गिळला. आणि त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने त्या शेतकऱ्यापुढे हात जोडले.

"अवो मामा, तुमी कशाला हात जोडताव? तिकडं तुमी थोडंच गेलेले? जावय गेलता ना?"

"त्याला गप्प राहायला मीच शिकवलं होतं, हरीभाऊ."

"आनि तो शिकला?" हरीभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. "मोटा हुशार जावय गावला तुमाला." त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी मातीत ओतलं. त्या दिवशी मामांच्या पिशवीत काही पडलं नाही. पुढल्या वर्षी वाडीला बिल्डरची पाटी लागली.

हरीभाऊंकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी मामांनी वर्गात टॉवेल काढला नाही, घंटी काढली नाही. सगळ्यांसमोर उभे राहून ते म्हणाले, "मी तुम्हाला एक नियम शिकवला होता. तो चुकीचा होता. त्याने एका चांगल्या माणसाचं तोंड बंद केलं आणि काही विहिरी गेल्या. यापुढे पहिल्याच बैठकीत बोला. आगाऊ म्हणाले तर म्हणू देत." मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, सहानुभूतीने. ती सहानुभूतीही मी घेतली.

वर्ग नंतर रोडावला. कोणाची बदली झाली, कोणी ठाण्याकडे राहायला गेलं. मोबाइल आल्यावर मामांनी एक घेतला, पण त्यात नंबर घालायचं त्यांच्या मनात राहिलं नव्हतं. खुर्च्या पुन्हा हॉलमध्ये आल्या. त्या खुर्च्यांत बसून ते खिडकीतून समोरच्या इमारतीखाली टँकर लागलेला बघत. आजारी पडले तेव्हा मी रोज जात होतो. औषधं आणत होतो, पेपर वाचून दाखवत होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका, ओळखलंत का मला?" तर मामा म्हणाले, "तुम्हाला ओळखून आता काय करू?" आम्ही हसलो. पण ज्याने ते नीट ऐकलं असतं त्याला कळलं असतं की हा माणूस आता संपला. पावसाळ्याच्या आधी ते गेले.

वैशाली दिल्लीहून आली ती काही महिन्यांनी, मामींना भेटायला. आता ती तिथे तरुण शास्त्रज्ञांना शिकवते, सरकारी टेबलाशी कसं बसायचं आणि कसं बोलायचं ते. मामींना ती मोठ्या मायेने सांगत होती, "मी दर वर्षी पहिल्या दिवशी सरांचीच गोष्ट सांगते, मामी. की एक फार मोठा माणूस होता, त्याचा नियम चुकला, त्यामुळे विहिरी खाऱ्या झाल्या, आणि त्याने सगळ्यांसमोर उभं राहून ती चूक कबूल केली."

म्हणजे जिथे मामांचं नाव कधी पोचलं नव्हतं तिथेही ते आता त्या खाऱ्या विहिरींसकट पोचत होतं. दर वर्षी, नव्या मुलांपुढे.

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. अध्यक्षांनी पुन्हा बैठक नाही म्हणून बजावलं होतं, मी ते ऐकलं होतं, आणि मामांनी दारात विचारलं तेव्हा नाही म्हणालो होतो. फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांचं ओझं बोलायला इतकं थोडं असतं याचीही लाज वाटली.

मामी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "शेवटी शेवटी ते मला म्हणायचे," त्या म्हणाल्या, "त्या पोराचं तोंड मी शिवलं. मी म्हणायचे, पुरे आता, झोपा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही रोज यायचात. तेव्हा नाही सुचलं?"

"रोज सुचायचं, मामी."

"मग?"

वैशालीच मध्ये म्हणाली, "नियम तर मी तोच शिकवणार. पहिल्याच बैठकीत बोला. तो बरोबरच आहे. पण कारण बदलून सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो. "माझं नाव घेऊन सांगा."

ती गेली. मीही उठलो. एरवी मी निघताना मामी 'सावकाश जा हो' म्हणत. त्या दिवशी त्या दार धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी जिना उतरून खाली आलो, आवारात पोचलो, आणि तिथे थोडा वेळ थांबलो. वरचं दार लागल्याचा आवाज काही आला नाही.